विमान देखभालीतील ॲस्बेस्टॉस: संरक्षण मंत्रालयाला खुले पत्र

प्रति,
मा. संरक्षण मंत्री, भारत सरकार
मा. सचिव, माजी सैनिक कल्याण विभाग
मा. महासंचालक, सशस्त्र सेना वैद्यकीय सेवा
नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला मिग-२१ विमानांना निरोप देण्यात आला. १९६३ पासून हवाई दलात असलेले हे विमान. त्याआधी डिसेंबर २०१९ मध्ये मिग-२७ गेले. १९७१ पासून नौदलात असलेली सी किंग हेलिकॉप्टरेही आता उतरणीला लागली आहेत. ताफा निघाला की सुटे भाग भंगारात जातात, कार्यशाळेतली मांडणी बदलते आणि देखभालीचे जुने कागद मुदत संपली की नष्ट केले जातात. वर्षानुवर्षे हाच क्रम चालत आला आहे. या वेळी तो थांबवावा, ही विनंती करण्यासाठी हे पत्र.

आम्ही विमान देखभालीच्या कामातली निवृत्त माणसे आहोत: एअरफ्रेम फिटर, प्रोपल्शन फिटर, इलेक्ट्रिकल फिटर, नौदलाचे एअर मेकॅनिक, बेस रिपेअर डेपोतले नागरी कारागीर, आणि अशा लोकांचे निवृत्तिवेतनाचे व भरपाईचे अर्ज लिहून देणारे काही जण. ज्या ॲस्बेस्टॉस या तंतुमय खनिजाच्या धुळीविषयी लिहितो आहोत ती आमच्या छातीत आहे किंवा असू शकते. कुणाला आजार होईल आणि कुणाला नाही, हे आज कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. पण झालाच, तर तो कामामुळे झाला हे दाखवणारा कागद हाती असेल की नसेल, हे मात्र तुमच्या आजच्या निर्णयावर ठरणार आहे.

आधी ही धूळ कुठून आली ते सांगतो. संचालनालयात फाइल हाताळणाऱ्या सगळ्यांनीच ब्रेक युनिट उघडलेले पाहिले असेल असे नाही.

गेल्या शतकाच्या मध्यापासून पुढची तीन-चार दशके जगभरच्या विमानांत, जिथे उष्णता तिथे ॲस्बेस्टॉस, असाच प्रघात होता. स्वस्त, न जळणारे, कापडासारखे विणता येणारे आणि रबरात मिसळून त्याचा पत्राही करता येणारे दुसरे काही तेव्हा सहज मिळत नव्हते. जुन्या ब्रेकच्या लायनिंगमध्ये क्रायसोटाइल (ॲस्बेस्टॉसचाच एक प्रकार) तंतू मिसळलेले असत. सिंटर्ड धातूचे आणि कार्बनचे ब्रेक नंतर आले. इंजिनाच्या सांध्यांना तांबे-ॲस्बेस्टॉसची कडी किंवा दाबलेल्या ॲस्बेस्टॉस पत्र्याची गॅस्केट, म्हणजे सांधा गळू नये म्हणून मध्ये घालायची चकती. सोव्हिएत यंत्रसामग्रीवर काम केलेल्या प्रत्येकाला पॅरोनाइट शीट माहीत आहे. ते म्हणजे क्रायसोटाइल आणि रबर यांचेच मिश्रण. इंजिनातले गरम वायू बाहेर सोडणाऱ्या जेट पाइपभोवतीचे उष्णतारोधक वेष्टण, गरम हवेच्या नळ्यांवर गुंडाळलेली पट्टी आणि दोरी, गरम भागातल्या नळ्या धरणाऱ्या क्लॅम्पच्या आतली गादी, इंजिनाजवळच्या अग्निरोधक भिंतीची (फायरवॉलची) सील, उष्ण भागातल्या तारांवरचे विणलेले आवरण, विजेच्या टर्मिनल बोर्डाचे पत्रे. विमानाबाहेर वेल्डिंगची चादर, हातमोजे, क्रॅश टेंडरवरच्या (धावपट्टीवरच्या अग्निशमन गाडीवरच्या) जवानांचे अग्निरोधक कपडे, ट्रॅक्टर-टँकरचे ब्रेक आणि क्लच.

कोणत्या विमानाच्या नेमक्या कोणत्या भाग-क्रमांकात ॲस्बेस्टॉस होते, हे पुरवठादाराच्या पार्ट्स कॅटलॉगमध्ये आणि तुमच्या भांडार नोंदींत शोधता येते. आमच्याकडे ते कॅटलॉग नाहीत. तुमच्याकडे आहेत.

जागेवर असलेले, न फाटलेले ॲस्बेस्टॉस फारसे काही करत नाही. ते कापले, घासले, खरवडले, फुंकले की धोका सुरू होतो, आणि देखभालीचे काम म्हणजे बहुतेक हेच.

ब्रेकचेच घ्या. विमान जॅकवर चढवायचे, चाक काढायचे, ब्रेक युनिट बाहेर घ्यायचे. आत काळसर पूड साचलेली. ती काढायची सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे कॉम्प्रेस्ड एअरची नळी, आणि ती जगभरच्या कार्यशाळांत वापरली गेली. रिव्हेट केलेल्या लायनिंगमध्ये जुने रिव्हेट ड्रिलने काढावे लागत, नव्या लायनिंगला भोके पाडावी लागत, कडा ग्राइंडरवर उतरवाव्या लागत. उत्पादक कंपन्या परदेशी न्यायालयांत एक युक्तिवाद नेहमी करतात: ब्रेक तापला की क्रायसोटाइलचे रूपांतर फॉर्स्टेराइट या दुसऱ्या खनिजात होते, म्हणून ब्रेकच्या धुळीत मूळ तंतू नगण्य उरतात. वापरलेल्या लायनिंगच्या पुडीपुरते यात पुष्कळ तथ्य आहे. पण सगळेच तंतू बदलत नाहीत. शिवाय ग्राइंडरवर धरलेली नवी लायनिंग कधी तापलेलीच नसते. तिच्यातून उडणारा तंतू मूळ रूपातलाच असतो. त्यामुळे "ब्रेकच्या धुळीत काही नसते" असा शेरा एखाद्या वैद्यकीय मंडळाने मारला, तर तो माणूस नेमके कोणते काम करत होता, एवढे तरी आधी विचारले गेले पाहिजे.

गॅस्केटचे काम याहून वाईट. वर्षानुवर्षे तापून जुने गॅस्केट फ्लँजला (सांध्याच्या सपाट कडेला) चिकटून बसते. ते स्क्रेपरने निघाले नाही की ड्रिलला वायर ब्रश लावून काढायचे. तोंड कामापासून हातभर अंतरावर, जागा अरुंद, वारा नाही. मग पत्र्यावर खुणा करून पंचने आणि कात्रीने नवे गॅस्केट कापायचे आणि टेबलावर उरलेला कीस हाताने झटकायचा. जेट पाइपच्या वेष्टणाचे वरचे धातूचे पातळ आवरण कंपनाने चिरते आणि आतला तंतू उघडा पडतो. तपासणीच्या झडपेतून हात घालून, मान आत वळवून काम करणारा माणूस तोच तंतू श्वासात घेतो.

हे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत. मोजणीत धरले जाणारे तंतू ५ मायक्रॉनहून लांब, ३ मायक्रॉनहून बारीक आणि रुंदीच्या किमान तिप्पट लांबीचे असतात. बंद हँगरात ते तासन् तास तरंगतात, खाली बसले तरी कोरड्या झाडूने पुन्हा वर येतात. म्हणून ब्रेक ज्याने उघडला तो एकटाच यात सापडत नाही. शेजारच्या विमानावर वायरिंग करणारा, संध्याकाळी हँगर झाडणारा कंत्राटी कामगार, आणि ओव्हरऑल घरी नेल्यावर तो झटकून धुणारी आई किंवा पत्नी, यांच्याही श्वासात हे तंतू जातात. घरच्या माणसांना अशा कपड्यांवरून मेसोथेलिओमा हा कर्करोग झाल्याचे वैद्यकशास्त्राने कधीच मान्य केले आहे.

आता आजार. ॲस्बेस्टॉसिसमध्ये फुप्फुस जाड आणि ताठर होते, दम लागतो, फुप्फुसाची क्षमता घटते. फुप्फुसाच्या आवरणावर चट्टे पडतात किंवा आवरण जाड होते. फुप्फुसाचा कर्करोग होतो. बिडी-सिगारेट आणि ॲस्बेस्टॉस एकत्र आले की त्याचा धोका दोन्हींच्या बेरजेपेक्षा पुष्कळ जास्त वाढतो. आणि मेसोथेलिओमा, म्हणजे छातीच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग. त्याचा धूम्रपानाशी संबंध नाही. तो झालेल्या माणसाच्या इतिहासात बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉस सापडते. धूळ श्वासात गेल्यापासून ॲस्बेस्टॉसिस दिसायला दहा-वीस वर्षे किंवा अधिक लागतात. मेसोथेलिओमाला वीस ते पन्नास. म्हणजे १९८५ साली विशीत असलेला तंत्रज्ञ पंधरा किंवा वीस वर्षांची सेवा संपवून, दुसरी नोकरी करून, तिच्यातूनही निवृत्त झाल्यावर आजारी पडणार. त्या वेळी त्याच्या समोरच्या डॉक्टरला तो कधीकाळी विमानाचे ब्रेक उघडत होता हे माहीतही नसणार.

आपल्याकडे यात आणखी एक अडचण आहे. छातीत पाणी झाले की पहिला संशय क्षयाचा येतो, आणि आपल्या देशात तो येणे साहजिकही आहे. पण पाण्यात क्षयाचे जंतू सापडले नाहीत तरी क्षयाच्या गोळ्या महिनोन् महिने चालू राहतात. पाणी काढले की पुन्हा भरते. बायोप्सी होईपर्यंत मोलाचे महिने गेलेले असतात. मेसोथेलिओमात निदानानंतरचे आयुष्य बहुतेकदा महिन्यांतच मोजावे लागते, आणि म्हणून निदान लांबले की भरपाईचा अर्जही रुग्णाच्या हयातीत होत नाही.

एवढे सांगितल्यावर आमच्या तक्रारी.

सर्वांत मोठी तक्रार कायद्याच्या रचनेविषयी आहे. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे आणि हवाई दलाचा बेस रिपेअर डेपोही आहे. अशा ठिकाणी एकाच जातीच्या विमानाचा एकाच प्रकारचा सांधा उघडणारी तीन माणसे डोळ्यांसमोर आणा. पहिला कंपनीचा कामगार, दुसरा डेपोतला नागरी कर्मचारी, तिसरा गणवेशातला वायुसैनिक. तिघांनी तीच धूळ घेतली आणि तिघांना तोच आजार झाला. पहिल्या दोघांना कामगार भरपाईच्या कायद्यात वाट आहे. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत ॲस्बेस्टॉसिस हा व्यवसायजन्य आजार म्हणून आधीच लिहिलेला होता. तिसऱ्याला ती वाट नाही, कारण त्याच कायद्याच्या व्याख्येत संघराज्याच्या सशस्त्र दलांतील सदस्य "कर्मचारी" या शब्दातून वगळलेला होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, आणि तिच्यातही ही वगळणूक कायम आहे.

त्या वाटेने मिळते तरी किती, तेही सांगतो. १९२३ च्या कायद्याचे सूत्र असे होते: कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी मासिक वेतनाच्या ६० टक्क्यांना वयानुसार गुणक, मृत्यूसाठी ५० टक्क्यांना तोच गुणक. त्या कायद्याखाली वेतनाची कमाल मर्यादा २०२० पासून दरमहा १५,००० रुपये होती. ६५ वर्षांच्या माणसाचा गुणक ९९.३७. म्हणजे पूर्ण अपंगत्वाला ८,९४,३३० रुपये आणि मृत्यूला ७,४५,२७५ रुपये. कर्करोगाच्या उपचारांचा खर्च पाहता ही रक्कम फार नाही. तरीही ती हक्काची आहे, आणि गणवेशातल्या माणसाला ती या कायद्याखाली मागताच येत नाही.

"त्याला अपंगत्व निवृत्तिवेतन आहे की," असे उत्तर मिळते. आहे, आणि ते चांगलेही आहे. आजार सेवेमुळे झाला किंवा सेवेमुळे बळावला असे ठरले, अपंगत्व किमान २० टक्के भरले, तर अपंगत्वाचा भाग मिळतो. १०० टक्क्यांना तो शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के असतो. २०१३ मध्ये धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेत उद्भवला असे मानावे आणि उलट सिद्ध करण्याचा भार सैनिकावर टाकू नये. पण हे सगळे त्याच्या कामाचे, ज्याला सेवेत असतानाच आजारामुळे घरी पाठवले. सुदृढ म्हणून सन्मानाने निवृत्त झालेल्या आणि पस्तीस वर्षांनी आजारी पडलेल्या माणसाला निवृत्तीनंतरच्या दाव्याची तरतूद लागू होते. तिच्यात मोजक्याच वर्षांची मुदत असते, आणि सेवेतल्या परिस्थितीशी वैद्यकीय संबंध त्यालाच दाखवावा लागतो. वीस ते पन्नास वर्षांनी उगवणाऱ्या आजारासमोर ही मुदत निरर्थक आहे. ती लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हृदयविकार आणि रक्तदाब होते, ॲस्बेस्टॉस नव्हते, असे आम्ही समजतो. म्हणूनच ती दुरुस्त करता येईल अशी आशाही बाळगतो.

दुसरी तक्रार कागदांची. संबंध दाखवायचा तर कशाने? सेवापुस्तकात ट्रेड (कामाचा प्रकार) असतो, युनिट असते, बदल्या असतात. "गॅस्केट खरवडले" असे तिथे कुणी लिहीत नाही. ते लिहिलेले असते विमानाच्या फॉर्म ७०० या देखभाल नोंदवहीत, जॉब कार्डावर, इंजिन लॉग कार्डात. काम काय, तारीख कोणती, सही कुणाची. हवेतल्या धुळीची मोजणी त्या काळात झालेली नसेल तर हाच एकमेव पुरावा, आणि तोच ताफ्याबरोबर जातो. रोग उगवायला जेवढा काळ लागतो त्याच्या निम्माही काळ कागद ठेवायचे नाहीत आणि मग पुरावा मागायचा, हा अन्याय आहे.

न्यायालयाने याचे उत्तर तीस वर्षांपूर्वीच दिले होते. २७ जानेवारी १९९५ च्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर विरुद्ध भारत सरकार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या २१व्या कलमाखालचा मूलभूत हक्क ठरवला. ॲस्बेस्टॉस उद्योगांनी प्रत्येक कामगाराची आरोग्य नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत ठेवावी असा आदेश दिला. आजार सिद्ध झालेल्या कामगारांना प्रत्येकी एक लाख रुपये द्यायला सांगितले. तो आदेश उद्योगांना उद्देशून होता हे मान्य. पण त्या खटल्यात भारत सरकार पक्षकार होते, आणि आपल्याच कार्यशाळांना तोच नियम लावण्यापासून सरकारला कुणी अडवले नव्हते.

तिसरी तक्रार थोडक्यात. विमान देखभालीत ॲस्बेस्टॉस हाताळलेल्यांची कोणतीही जाहीर नोंदवही आमच्या पाहण्यात नाही. निवृत्त तंत्रज्ञाला "तुम्ही या भागांवर काम केले आहे, छाती तपासून घ्या" असे पत्र आल्याचेही आम्हाला माहीत नाही. अशी नोंदवही किंवा अशी पत्रे असतील तर कृपया जाहीर करा. आमची तक्रार आम्ही त्याच दिवशी मागे घेऊ.

इतर देशांनी काय केले, हे सांगायला हवे. ब्रिटनमध्ये सी किंगच्या काही भागांत ॲस्बेस्टॉस असल्याचे तिथल्या संरक्षण मंत्रालयाने जाहीरपणे मान्य केले आहे. ब्रिटनच्याच वेस्टलँड कंपनीने बांधलेल्या सी किंगवर मुंबईत कुलाब्याला आणि गोव्यात आपल्या माणसांनी काम केले, म्हणून हा प्रश्न थेट आपला आहे. ब्रिटनमध्येही १९४७ च्या क्राउन प्रोसीडिंग्ज कायद्याच्या कलम १० मुळे १९८७ पूर्वीच्या सेवेसाठी सैनिकाला सरकारवर दावा करता येत नाही, आणि मेसोथेलिओमाच्या नागरी रुग्णाला मिळणारी एकरकमी भरपाई माजी सैनिकाला मिळत नव्हती. आवाज उठल्यावर डिसेंबर २०१५ मध्ये सरकारने माजी सैनिकांसाठी १,४०,००० पौंडांच्या एकरकमी मदतीचा पर्याय जाहीर केला. सुरुवातीला तो फक्त नव्याने निदान झालेल्यांना होता. काही महिन्यांतच आधीच्या रुग्णांनाही दिला गेला. कायद्यातली अडचण तशीच ठेवूनही माणसाला न्याय देता येतो, याचे हे उदाहरण आहे.

अमेरिकेत १९५० च्या फेरेस निकालामुळे सैनिक सरकारवर नुकसानभरपाईचा दावा लावू शकत नाही. पण तिथल्या माजी सैनिक खात्याकडे ट्रेडनिहाय तक्ता आहे: अमुक काम करणाऱ्याचा ॲस्बेस्टॉसशी संपर्क अत्यंत संभाव्य, संभाव्य की किरकोळ. अर्जदाराचा ट्रेड पाहिला की पहिला प्रश्न सुटतो. मेसोथेलिओमाला १०० टक्के अपंगत्व धरले जाते. शिवाय भाग बनवणाऱ्या कंपन्यांवर आणि दिवाळखोर कंपन्यांच्या भरपाई निधींवर दावा लावता येतो. आपल्याला तो मार्ग जवळपास बंदच आहे. आपले बरेचसे भाग ज्या देशाच्या सरकारी कारखान्यांतून आले तो सोव्हिएत संघच १९९१ नंतर उरला नाही. ज्याने भाग विकत घेतला आणि ज्याने तो हाताळायचा हुकूम दिला, त्या एकाच दारात आम्ही उभे राहू शकतो. ते दार तुमचे आहे.

आमच्या मागण्या अशा:

१. सेवेतून गेलेल्या आणि जाणाऱ्या प्रत्येक विमान-हेलिकॉप्टर प्रकाराच्या ॲस्बेस्टॉसयुक्त भागांची यादी भाग-क्रमांकासह जाहीर करावी. निवृत्त विमानाच्या गॅस्केटमध्ये गोपनीय असे काही नसते.

२. फॉर्म ७००, जॉब कार्डे, इंजिन लॉग कार्डे आणि भांडार नोंदी नष्ट करण्यावर तत्काळ बंदी घालावी. स्कॅन करून ठेवाव्यात. वायुसैनिकांच्या नोंदी दिल्लीच्या रेकॉर्ड ऑफिसमध्ये आणि नौसैनिकांच्या मुंबईत मानखुर्दच्या ब्युरो ऑफ सेलर्समध्ये आहेत. त्यांच्याशी या कागदांची जोड घालावी, म्हणजे माणसाच्या सेवा क्रमांकावरून त्याची कामे सापडतील.

३. ट्रेड, कालखंड आणि विमान प्रकार यांनुसार संपर्काचा तक्ता करावा. तक्त्यात बसणाऱ्याला मेसोथेलिओमा किंवा ॲस्बेस्टॉसिस झाला तर तो सेवेमुळेच झाला असे नियमानेच मानावे. फुप्फुसाच्या कर्करोगात अर्जदार धूम्रपान करत होता, एवढ्याच कारणावरून दावा फेटाळू नये.

४. या आजारांसाठी निवृत्तीनंतरच्या दाव्याची वर्षांची मुदत रद्द करावी. मुदत मोजायचीच असेल तर ती निदानाच्या तारखेपासून मोजावी. मृत्यूनंतर अर्ज आला तरी पत्नीचा हक्क अबाधित राहावा.

५. गणवेशातल्या माणसाला निवृत्तिवेतनाखेरीज एकरकमी भरपाईचा पर्याय द्यावा. ती नागरी कर्मचाऱ्याच्या भरपाईहून कमी नसावी. कपड्यांवरून आजार झालेल्या कुटुंबीयालाही ती मिळावी.

६. माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेत या ट्रेडमधल्यांची आयुष्यभर तपासणी व्हावी: छातीचा एक्स-रे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या (आयएलओ) वर्गीकरणानुसार वाचणाऱ्या प्रशिक्षित डॉक्टरकडून, श्वसनक्षमतेची चाचणी, आणि शंका आली तर एचआरसीटी (फुप्फुसाचा बारकाईने काढलेला सीटी स्कॅन). छातीतल्या पाण्यात क्षय सिद्ध झाला नाही तर बायोप्सी करण्याची स्पष्ट सूचना सर्व संलग्न रुग्णालयांना द्यावी. या योजनेत न बसणाऱ्या नागरी आणि कंत्राटी कामगारांसाठीही तीच सोय हवी. कंत्राटदार बदलला म्हणून माणूस यादीतून गळता कामा नये.

७. जुना माल अजून भांडारात आहे का, ते शोधावे. असल्यास त्यावर धोक्याची चिठ्ठी लावून तो बंद करावा. जुन्या विमानांवर आजही काम करावे लागेल तिथे कॉम्प्रेस्ड एअर, कोरडा झाडू आणि वायर ब्रश यांना पूर्ण मनाई असावी. भाग पाण्याने ओला करून, अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरच्या व्हॅक्यूमने धूळ ओढून काम व्हावे. कापडी किंवा सर्जिकल मास्क इथे उपयोगाचा नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा, पी-१०० दर्जाचा फिल्टर असलेला मास्क लागतो, आणि तो बसतो की नाही याची चाचणीही. कचरा जाड प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवीत, शिक्का मारून. ओव्हरऑल तळावरच धुतले जावेत. हवेची मोजणी मेम्ब्रेन फिल्टरने नियमित व्हावी आणि तिचे आकडे कामगाराला दाखवावेत. अमेरिकेची मर्यादा १९९४ पासून आठ तासांच्या सरासरीने घन सेंटिमीटरला ०.१ तंतू आहे. कामाच्या ठिकाणी तोच आकडा धरावा.

८. चौकांत, शाळांत, संग्रहालयांत आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत ठेवलेली निवृत्त विमाने तपासावीत. इंजिनासह विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी दिलेल्या विमानांची तपासणी सर्वांत आधी. एकोणीस वर्षांचा मुलगा जुने गॅस्केट स्क्रेपरने काढतो आहे आणि त्याला कुणी काही सांगितलेले नाही, असे घडू नये.

या मागण्यांपैकी दुसरीला पैसा फारसा लागत नाही, नवा कायदा तर मुळीच लागत नाही. एक आदेश पुरतो. तो आधी काढा, बाकीच्यांवर चर्चा होत राहील. फ्रान्सची क्लेमेन्सो ही विमानवाहू नौका गुजरातेत अलंगला तोडायला येत होती तेव्हा तिच्यातल्या ॲस्बेस्टॉसवरून देशभर वाद झाला, न्यायालयाने समिती नेमली, आणि फेब्रुवारी २००६ मध्ये फ्रान्सने नौका परत बोलावली. परक्या नौकेतल्या ॲस्बेस्टॉसविषयी आपण एवढे जागरूक होऊ शकलो. आपल्याच हँगरांतल्या माणसांसाठी तेवढेच मागतो आहोत.

हे पत्र वाचणाऱ्या निवृत्त सहकाऱ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना एक विनंती. सरकारचे उत्तर येईपर्यंत थांबू नका. एका वहीत लिहून काढा: सेवा क्रमांक, ट्रेड, कोणत्या वर्षी कोणत्या युनिटमध्ये, कोणत्या विमानावर, कोणते काम, शेजारी कोण होते. त्या वेळच्या दोघा-तिघा सहकाऱ्यांकडून प्रतिज्ञापत्र घेऊन ठेवा. त्यांचे वयही वाढते आहे. डिस्चार्ज बुकाच्या प्रती काढा. पुढच्या वेळी कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तर "मी ॲस्बेस्टॉसच्या संपर्कात होतो" हे आपणहून सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. छातीत पाणी झाले आणि क्षयाचा पुरावा नसेल तर बायोप्सीविषयी विचारा. बायोप्सी झाली तर तिचा मेणातला ठोकळा रुग्णालयाला जपून ठेवायला सांगा. दाव्यात पुढे त्याचीच पुन्हा तपासणी लागते. बिडी-सिगारेट ओढत असाल तर आज सोडा. नागरी कर्मचारी असाल तर भरपाईच्या अर्जाला मुदत असते, हे विसरू नका. गणवेशात असाल आणि दावा फेटाळला गेला तर आधी विभागीय अपील आणि मग सशस्त्र दल न्यायाधिकरण. त्याचे खंडपीठ मुंबईतही आहे.

मंत्री महोदय, सचिव महोदय, या पत्राचे उत्तर आम्हाला व्यक्तिशः नको. ते जाहीर द्यावे, आणि मागणीवार द्यावे: कोणती मान्य, कोणती अमान्य, अमान्य असेल तर का. दुसऱ्या मागणीवरचा आदेश साठ दिवसांत निघावा. तोवर एकाही ताफ्याचे देखभालीचे कागद नष्ट होऊ नयेत.

आपले,
विमान देखभालीतील निवृत्त वायुसैनिक, नौसैनिक, नागरी कारागीर आणि त्यांचे कुटुंबीय